कासवाचे ऊन

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेत दिलेले भाषण)



आजवर या व्यासपीठावरून आपण आहार, आरोग्य, काटकसर, बालसंगोपन अशा भारदस्त विषयांवर पुष्कळ ऐकले. आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा मागच्या रांगेतल्या काही जणी पदर तोंडाला लावून हसल्या, ते मी पाहिले. हसण्यात काही गैर नाही. कासवाला दिवा कशाला लावायचा आणि बसायला पाट कशाला मांडायचा, असा प्रश्न कोणालाही पडावा. परंतु आपल्या वसाहतीत माझ्या माहितीप्रमाणे निदान सात घरी कासव आहे आणि त्याची देखभाल, नाव मुलांचे असले तरी, घरातल्या बाईकडेच आलेली आहे. तेव्हा हा विषय आपला आहे, हे प्रथम मान्य करूया.

मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. शिवाय गेली अकरा वर्षे आमच्या घरी एक कासव आहे. माझ्या पुतण्याची परदेशी बदली झाली, तेव्हा तो ते त्याच्या टाकीसह आणि दिव्यांसह आमच्या स्वाधीन करून गेला. दोन वर्षांनी परत नेतो म्हणाला होता! असो. तात्पर्य, मी सांगते त्यातले काही पुस्तकातले आहे आणि काही रोजच्या हाताखालचे आहे.

प्रथम ही स्वारी आहे कोण, ते पाहू. दुकानातून रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवेगार, डोळ्यामागे कुंकवाचे बोट ओढावे तसा तांबडा पट्टा असलेले पिल्लू येते, त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. त्याचे माहेर आपल्याकडचे नव्हे. ते उत्तर अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. तिथल्या संथ पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवर ही कासवे तासन् तास ऊन खात बसतात, जागा अपुरी पडली तर एकमेकांच्या पाठीवर चढून बसतात आणि पावलाची चाहूल लागताच घसरून पाण्यात उडी घेतात. या घसरण्यावरूनच त्यांना स्लायडर हे नाव पडले. आता लक्षात घ्या, ज्या प्राण्याचे नावच मुळी उन्हात बसण्याच्या सवयीवरून पडले, त्याला आपण दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटच्या उजेडात, चार बोटे पाण्यात ठेवतो.

आपल्यापैकीच एका घरची हकीकत सांगते. नाव घेत नाही. त्या घरच्या सूनबाईने मला एका संध्याकाळी बोलावले. कासव दोन वर्षांचे होते. प्लास्टिकची बशी, मधोमध प्लास्टिकचेच माडाचे झाड, पाणी रोज बदललेले, बशी लख्ख. देखभालीत आळस कुठेच नव्हता. दुकानदाराने सांगितले होते, पाणी बदला, दाणे टाका, याला बाकी काही लागत नाही. ते सारे ती मनोभावे करीत होती. मी कासव हातात घेतले आणि कवचाच्या कडेला अंगठा टेकवला, तर कड दबली. शहाळ्यातल्या मलईसारखे मऊ झाले होते ते. मागचे पाय ओढत चालत होते. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "मावशी, मी याला उपाशी कधी ठेवले नाही हो."

खरे होते तिचे. अन्न मिळत होते. ऊन मिळत नव्हते. आणि भगिनींनो, आज मला एवढेच सांगावयाचे आहे की, कासवाच्या बाबतीत ऊन ही चैन नव्हे, ते अन्नच आहे.

हे कसे, ते थोडे समजावून घेऊ. आपल्याला वाटते, कवच म्हणजे कासवाचे घर. वस्तुतः ते घर नव्हे, तो त्याचा सांगाडा आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या एकमेकींना जुळून वरची ढाल बनलेली आहे आणि तिच्यावर आपल्या नखासारख्या पदार्थाचे पातळ तक्ते बसवलेले आहेत. म्हणून कवच मऊ झाले याचा अर्थ हाडे मऊ झाली. हाडांना चुना, म्हणजे कॅल्शियम लागते. ते अन्नातून आतड्यात येते खरे, परंतु आतड्याने ते रक्तात घ्यावे यासाठी ड जीवनसत्त्व पाहिजे. आणि ते ड जीवनसत्त्व ही कासवे मुख्यत्वे उन्हाच्या साहाय्याने आपल्या कातडीत तयार करतात.

उन्हात डोळ्यांना न दिसणारे असे जंबुपार किरण असतात. त्यांपैकी यूव्हीबी नावाचे, सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे किरण कातडीवर पडले की तेथील एका स्निग्ध द्रव्याचे रूपांतर होऊ लागते. ते रूपांतर पुरे होऊन ड जीवनसत्त्व बनण्यासाठी अंगाची ऊबही लागते. आपले अंग आतून गरम असते. कासवाला ती सोय नाही. त्याची ऊब बाहेरून येते. म्हणून त्याला दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी मिळाव्या लागतात: किरण आणि ऊब. उन्हात दोन्ही असतात. घरात मात्र दोन्ही आपण पुरवावयाच्या.

ड जीवनसत्त्व नसले म्हणजे काय होते? रक्ताला तर कॅल्शियम हवेच असते, हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. मग शरीर हाडांतून ते काढून घेऊ लागते. महिन्याचा खर्च भागेना म्हणजे एकेक दागिना मोडावा तसे हे आहे. बाहेरून संसार चाललेला दिसतो, पेटी मात्र रिकामी होत जाते. आपल्या मुलांना होणारा मुडदूस तो हाच. पूर्वीच्या बायका तान्ह्या बाळाला तेल लावून उन्हात पायावर घेऊन बसत, त्यांना जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते, पण काम ठाऊक होते.

ऊबेचे आणखीही उपयोग आहेत. अंग तापल्याशिवाय कासवाला खाल्लेले पचत नाही, रोगाशी झुंजण्याची शक्ती येत नाही. शिवाय सदैव ओल्या राहणाऱ्या कवचावर बुरशी आणि जंतू वाढतात. दिवसातून काही तास ते पूर्ण कोरडे झाले पाहिजे. ओले कपडे कपाटात ठेवले तर काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

आता व्यवहाराकडे वळते. पहिली गोष्ट बैठकीची. कासव पाण्यातून सबंध बाहेर येईल, त्याचे पोटही कोरडे होईल, अशी जागा टाकीत पाहिजे. ती त्याच्या कवचाच्या निदान दीडपट लांबीरुंदीची असावी, म्हणजे त्याला अंग वळवता येते. मी स्वतः शहाबादी फरशीचा तुकडा वापरते. कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या आहेत. लाकडी पाट ठेवण्याचा मोह होतो, परंतु तो पाण्याने फुगतो, कुजतो आणि त्याचे पॉलिश पाण्यात उतरते. फरशीखालचा आधार भक्कम असावा, हलता उपयोगी नाही. पाण्यात राहणारा प्राणी बुडेल कसा, असे आपल्याला वाटते. पण कासव फुप्फुसांनी श्वास घेते. निसटलेल्या दगडाखाली अडकले तर ते गुदमरून मरते.

बैठकीवर चढायला उतार पाहिजे. तो जिन्यासारखा उभा नको, नदीच्या घाटासारखा सावकाश हवा, आणि खरबरीत, म्हणजे नखे रुतून पाय घसरत नाहीत. उताराचे खालचे टोक पाण्यात चांगले बुडलेले असावे. आणि बैठकीपासून टाकीचा काठ पुरेसा उंच ठेवा. ही मंडळी दिसतात मंद, पण काठ ओलांडून खाली पडण्यात फार तरबेज असतात.

दुसरी गोष्ट उबेच्या दिव्याची. यासाठी महागडा दिवा लागतोच असे नाही. तारेचा जुना बल्ब मिळाला तर तो चालतो, नाही तर हॅलोजनचा घ्यावा. चाळीस ते साठ वॉट पुष्कळ होतात. हल्लीचा एलईडी बल्ब मात्र येथे कामाचा नाही. तो उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही. विजेचे बिल वाचवणारा जो त्याचा गुण, तोच येथे अवगुण ठरतो. बल्ब बैठकीच्या बरोबर वर, प्रथम सुमारे तीस सेंटिमीटर उंचीवर लावा. मग तासाभराने फरशीवर तापमापक ठेवून पाहा. ३२ ते ३५ अंश सेल्सिअस दाखवले पाहिजेत. कमी असेल तर दिवा खाली घ्या, जास्त असेल तर वर. ताप पाहण्याचा काचेचा थर्मामीटर येथे चालणार नाही, त्याची पट्टी पस्तिसाच्या आसपास सुरू होते. माशांच्या दुकानात मिळतो तो आणा, एक फरशीसाठी आणि एक पाण्यासाठी. पाणी २४ ते २७ अंश असावे. एक बाजू उबदार आणि दुसरी गार अशी असली, म्हणजे कुठे बसायचे ते कासव आपले आपण ठरवते. निवड त्याला करू द्यावी. संपूर्ण टाकी सारखी तापवू नये.

तिसरी गोष्ट किरणांच्या दिव्याची, आणि फसगत होते ती येथेच. या दिव्याच्या खोक्यावर यूव्हीबी असे स्पष्ट लिहिलेले असते, शिवाय ५.० किंवा १०.० असा आकडा असतो. कोणता दिवा किती अंतरावर लावावा हे खोक्यावर छापलेले असते, ते पाळावे. लांब नळीचा दिवा छोट्या गुंडाळी दिव्यापेक्षा चांगला, कारण त्याचे किरण सबंध पाठीवर सारखे पडतात. हा दिवा आणि उबेचा दिवा, दोन्हींचा रोख एकाच बैठकीवर पाहिजे. कासव किरण शोधत येत नाही, ते ऊब शोधत येते. ऊब एका कोपऱ्यात आणि किरण दुसऱ्या कोपऱ्यात ठेवले, तर दिवा जळेल, बिल येईल, आणि कासवाच्या पदरात काही पडणार नाही.

दिवा आणि कासव यांच्यामध्ये काच किंवा प्लास्टिक ठेवू नका. साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, परंतु हे किरण येत नाहीत. म्हणूनच बंद खिडकीच्या आतून पडणारे ऊनही या कामी फुकट. पुष्कळ घरी टाकी खिडकीशी ठेवून समाधान मानतात. त्यात किरण मिळत नाहीत आणि उन्हाळ्यात पाणी मात्र नको इतके तापते. बारीक जाळीसुद्धा बरेच किरण अडवते, तेव्हा जाळी हवीच असेल तर मोठ्या भोकांची घ्या.

आणखी एक सावधगिरी. निळसर प्रकाश देणारा प्रत्येक दिवा यूव्हीबीचा नसतो. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात जी नळी असते, ती जंतू मारणारी. ती काढून कासवावर लावली तर त्याचे डोळे आणि कातडी भाजेल, आणि आपल्याही डोळ्यांना इजा होईल. नोटा तपासण्याचा निळा दिवाही या कामाचा नाही.

यूव्हीबीच्या दिव्याचा आणखी एक लबाड गुण आहे. त्यातले किरण हळूहळू संपतात, उजेड मात्र तसाच राहतो. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत, बनवणाऱ्याने सांगितले असेल त्याप्रमाणे, तो बदलावा लागतो. आपल्या डोळ्यांना फरक कळत नाही. लोणच्याच्या बरणीवर आपण तारीख चिकटवतो, तशी दिव्याच्या टोपणावर लावल्याची तारीख लिहून ठेवा.

दोन्ही दिवे रोज दहा ते बारा तास लावावेत, आणि रात्री पूर्ण अंधार असावा. सकाळी चहाचे आधण ठेवताना लावावा आणि तिन्हीसांजेला, आपण देवापाशी दिवा लावतो तेव्हा, त्याचा मालवावा. आपला दिवा लागला की त्याचा विझला, असे जोडून ठेवले म्हणजे विसर पडत नाही. बाहेरगावी जाणे असेल तर वेळेवर चालूबंद होणारे बटण मिळते, ते घ्यावे. वीज गेली आणि एखादा दिवस दिवा लागला नाही, तर जीव घाबरा करून घेण्याचे कारण नाही.

पाणी आणि वीज यांचा शेजार धोक्याचा आहे, हे विसरू नका. गरम होणाऱ्या बल्बला चिनी मातीचा होल्डर हवा, प्लास्टिकचा वितळतो. दिवा नुसता काठावर टेकवू नका, पाण्यात पडणार नाही असा पक्का अडकवा. वायर भिंतीतल्या सॉकेटकडे जाताना मध्ये खाली झोळ सोडा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते, सॉकेटात शिरत नाही. घरात वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच नसेल तर तो वायरमनकडून बसवून घ्या. आणि टाकीत हात घालण्यापूर्वी सारी बटणे बंद. मुलांना हा नियम पाढ्यासारखा पाठ करून घ्यावा.

आता कोणी म्हणेल, आपल्या देशात उन्हाला काय तोटा! खरे आहे. प्रत्यक्ष उन्हाची सर कुठल्याही दिव्याला नाही. गॅलरीत किंवा गच्चीवर ऊन येत असेल तर आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा-पाऊण तास कासवाला जरूर बाहेर न्या. मात्र काही पथ्ये पाळा. रुंद घमेले किंवा टब घ्या, त्यात अंग बुडेल इतके पाणी ठेवा, आणि अर्ध्या भागावर फळी टाकून सावली करा. काचेचे भांडे उन्हात ठेवू नका, ते पाहता पाहता तापते. अगदी सूर्योदयाच्या उन्हात हे किरण फारसे नसतात. उन्हाळ्यात साडेआठ-नऊचे, थंडीत दहाच्या सुमाराचे ऊन चांगले. वर जाळी घाला, कारण कावळा आणि घार टपलेलीच असतात. आणि तिथून हलू नका. भाजी निवडायला घेऊन बसा, म्हणजे दोन्ही कामे होतात.

आपल्या ऋतूंचा विचार इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, तो आपला आपण करावा. चैत्र-वैशाखात खोलीच पस्तीस-छत्तीस अंशांवर जाते. तेव्हा उबेचा दिवा बंद ठेवा आणि फक्त किरणांचा लावा, नाही तर कासव उन्हाने मरेल. पौष-माघात पुण्या-नाशिकच्या बाजूला रात्री पाणी फार गार पडते. तेव्हा माशांच्या टाकीचा हीटर, भोवती जाळीचे आवरण घालून, पाण्यात सोडावा. पण खरा कसोटीचा काळ आषाढ-श्रावणाचा. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, हवा ओलीगच्च असते, आणि गॅलरीतल्या उन्हावर भरवसा ठेवलेल्या घरची कासवे याच दिवसांत खाणे सोडतात. पावसाळ्यासाठी आपण पापड-सांडगे करून ठेवतो. कासवासाठी दिव्याची बेगमी ज्येष्ठ संपण्यापूर्वी करावी.

खाण्याविषयी दोनच शब्द. कासवासाठी तयार मिळणारे दाणे, त्याच्या जोडीला हिरवा पाला आणि कधीमधी गाजराचा कीस द्यावा. नुसती सुकी कोळंबी किंवा पोळीचे तुकडे यांवर हाडे बनत नाहीत. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. तो जवळजवळ शुद्ध चुनाच असतो. त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवावा, कासव हवा तेव्हा कुरतडते. पण पुन्हा सांगते, चुना कितीही घाला, किरणांवाचून तो अंगी लागत नाही.

स्वच्छतेचेही सांगितले पाहिजे. धडधाकट कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. मुले ती पिल्ले तोंडात घालीत, म्हणून अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकण्यावर बंदी आली. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि त्याची टाकी स्वयंपाकघरातल्या मोरीत कधीही धुऊ नये. पाच वर्षांखालची मुले, गरोदर बायका आणि वृद्ध माणसे यांनी त्याला हाताळू नये हे बरे.

आतापर्यंत ज्यांच्या घरी कासव आहे त्यांच्याशी बोलले. आता ज्यांच्या घरी ते नाही, पण मुलांनी हट्ट धरला आहे, त्यांच्याशी बोलते. कासव स्वस्त असते आणि त्याचे ऊन महाग असते. ते नाण्याएवढे पिल्लू मादी असेल तर पंचवीस सेंटिमीटर किंवा अधिकही वाढते. कवचाच्या दर इंचाला सुमारे चाळीस लिटर पाणी असा ठोकताळा आहे. म्हणजे पुढे-मागे चारशे लिटरची टाकी घरात ठेवावी लागेल. आणि नीट राखले तर ते वीस-तीस वर्षे जगते. आज पाचवीत असलेला तुमचा मुलगा तेव्हा स्वतः बाप झालेला असेल. तेव्हा दिव्याचे बटण कोण दाबणार, हे आजच घरात बसून ठरवा. ठरत नसेल तर आणू नका. वाढदिवसाच्या भेटीत दुसऱ्याच्या घरी तर मुळीच पाठवू नका.

कोणी वास्तूच्या बरकतीसाठी जिवंत कासव आणतात. श्रद्धेविषयी मी बोलत नाही. आपल्या देवळांतून देवासमोर जमिनीत कासव कोरलेले असते, ते दगडाचे असते. ज्यांना घरात कासव हवे त्यांनी पितळेचे ठेवावे. त्याला ऊन लागत नाही आणि त्याचे हालही होत नाहीत. आणि पाठीवर चांदण्या असलेले जमिनीवरचे कासव, किंवा आपल्या नदी-तळ्यांतले कुठलेही कासव पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. तसे कोणाकडे असेल तर वनखात्याला कळवावे.

आणि शेवटी कळकळीची विनंती. कासव मोठे झाले, कंटाळा आला, म्हणून ते तळ्यात, विहिरीत, देवळाच्या कुंडात सोडू नका. पुण्य लागेल असे वाटते, परंतु उलटे होते. हे परक्या मुलखातले दांडगे कासव आपल्या कासवांच्या तोंडचा घास घेते, आणि ऊन खायची त्यांची जागाही बळकावते. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ साली त्याची आयात बंद केली ती याच कारणाने. सांभाळणे अशक्यच झाले तर प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारावे, सांभाळणारे दुसरे घर किंवा प्राणिसंस्था शोधावी. आपल्या मंडळातही असे घर मिळू शकेल.

त्या सूनबाईच्या कासवाचे काय झाले, असे तुम्ही मनात विचारीत असाल. डॉक्टरांनी कॅल्शियमचे औषध दिले, आम्ही दोघींनी मिळून टाकी, फरशी आणि दोन दिवे मांडले. पहिले दहा दिवस ते बैठकीवर चढलेच नाही, उताराच्या पायथ्याशी मान वर करून बसे. अकराव्या दिवशी चढले, आणि मागचे पाय पसरून, बोटे ताणून तासभर पडून राहिले. सहा-सात महिन्यांनी कड टणक झाली. पाठीला आलेला बाक मात्र गेला नाही, तो आता जाणारही नाही. गेलेले ऊन परत देता येते, पण त्या काळात वाकलेले हाड सरळ करता येत नाही. म्हणून हे आधी सांगावयाचे.

आपल्या संतांनी कासवीचा दृष्टांत पुष्कळदा दिला आहे. कासवी पिलांना दूध पाजीत नाही, नुसत्या नजरेने त्यांचे पोषण करते, अशी ती कल्पना. शाळेत मी मुलांना सांगत असे की, निसर्गात असे घडत नाही. कासवी अंडी घालून निघून जाते आणि पिलांची ती पुन्हा विचारपूसही करीत नाही, त्यांना वाढवते ते ऊन. पण घरातल्या टाकीपुरता मला तो दृष्टांत पटू लागला आहे. येथे नदी नाही, ओंडका नाही, सूर्य नाही. जे आहे ते घरातल्या माणसाच्या नजरेवर अवलंबून. आज ते बैठकीवर चढले का, पाठ कोरडी झाली का, डोळे मिटलेले किंवा सुजलेले तर नाहीत ना, नाकातून बुडबुडे येत नाहीत ना, पोहताना एका अंगाला कलत नाही ना, कड टणक आहे ना, एवढे पाहायला रोज दोन मिनिटे पुरतात. यांतले काही वेगळे दिसले तर उद्यावर न टाकता डॉक्टरांकडे न्यावे.

ज्यांच्या घरी कासव आहे त्यांनी आज घरी गेल्यावर एवढे करावे: बैठकीवर हात ठेवून पाहावा, ती कोरडी आणि उबदार आहे का. नसेल, तर माझ्याकडे या. तापमापक मी देईन, फरशी आपण दोघी मिळून घासू.